परसातील कोबा

मृग निघण्यापूर्वी घर शाकारून घ्यावयाचे ही आपल्या भागातील जुनी वहिवाट. आता बहुतेकांची कौले गेली, त्यांच्या जागी स्लॅब आले, आणि शाकारणीचा पैसा अन्य डागडुजीकडे वळला. कोणी मोरी नवी करतो, कोणी दारापुढची पायरी बांधतो, कोणी परसात काँक्रीट घालून चिखलाचा जाच कायमचा मिटवू पाहतो. काम लहान, म्हणून इंजिनियरला कोणी विचारीत नाही. गवंडी येतो, परसातून एक फेरी मारतो, आकाशाकडे पाहतो आणि 'तीस पोती लागतील' असे सांगून मोकळा होतो. ही तीस पोती कोठून आली हे विचारण्याचे धैर्य घरमालकास होत नाही. आम्हांसही एकदा झाले नव्हते, आणि त्याची हकीकत सांगणे भाग आहे.

बेळगावच्या पश्चिमेस, जेथे पावसाळ्यात चार-चार दिवस सूर्याचे दर्शन होत नाही, तेथील आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब. घरात आजी, मुलगा, सून आणि शाळेत जाणारी दोन नातवंडे. न्हाणीघर परसात, घरापासून बारा पावलांवर. सन २०२१ मध्ये मुलाने काटकसरीने पैसे साठवून मधल्या जागेत कोबा करून घेतला. काम घेणारा माणूस आम्हीच सुचविलेला. काम झाले त्या संध्याकाळी आम्ही पाहावयास गेलो, तो वरून कोऱ्या सिमेंटची निरू घोटून कोबा असा चकचकीत केलेला की कंदील धरला असता तर त्यात दिसला असता. आम्ही तोंड भरून वाखाणणी केली. चौथ्या दिवशी त्यावर पाणी मारणे बंद झाले, याकडे ना त्यांचे लक्ष गेले ना आमचे.

वर्षाच्या आतच कोब्यावरून धूळ सुटू लागली. झाडले की पुन्हा राखाडी भुकटी हजर. मधोमध एक वेडीवाकडी भेग गेली. जेथे निरू टिकली होती तेथे शेवाळ धरले, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये एका पहाटे आजी न्हाणीघराकडे जाताना त्याच गुळगुळीत भागावर घसरून पडल्या. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, आजी काठी घेऊन चालू लागल्या, परंतु त्या राहिल्या निपाणीस लेकीकडे. "ते परस तसं हाय तोवर मी त्या घरात पाय ठेवणार न्हाई," असा त्यांचा निरोप आला. डॉक्टरांनीही बजावले होते की दुसऱ्यांदा पडणे या वयात परवडणार नाही. मे २०२४ मध्ये मुलगा आमच्याकडे आला. "फादर, पैसे एकदाच घालू शकतो. या खेपेला चुकायला नको." आम्हांस आमचा तो कंदील आठवला.

सेमिनरीत आम्हांस तत्त्वज्ञान शिकविले, धर्मशास्त्र शिकविले. घनफूट कोणी शिकविले नाहीत. पुढे धर्मग्रामाचे सभागृह बांधण्याची वेळ आली तेव्हा एका वृद्ध गवंड्याच्या हाताखाली आम्ही ते शिकलो. हिशेब चौथीच्या मुलास येईल इतका सोपा आहे.

परस लांबीने २४ फूट, रुंदीने १२ फूट. कोब्याची जाडी ४ इंच, म्हणजे फुटाचा तिसरा हिस्सा. २४ गुणिले १२ म्हणजे २८८ चौरस फूट. त्याचा तिसरा हिस्सा ९६ घनफूट. हे झाले ओल्या, दाबून बसलेल्या काँक्रीटचे माप. परंतु आपण दुकानातून आणतो तो माल कोरडा व सुटा. खडीच्या पोकळ्यांत वाळू शिरते, वाळूच्या पोकळ्यांत सिमेंट शिरते, आणि कालवल्यावर सारे आकसते. म्हणून कोरडा माल दीडपटीहून किंचित अधिक धरावा लागतो; जाणकार १.५४ हा आकडा वापरतात. ९६ ची ही १.५४ पट म्हणजे सुमारे १४८ घनफूट.

आता प्रमाण. ज्या परसात मोटारसायकल उभी राहावयाची, पाण्याचे पिंप ठेवावयाचे, तेथे एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी असे प्रमाण योग्य. यालाच व्यवहारात एम-२० म्हणतात; म्हणजे २८ दिवसांनी त्याच्या ठोकळ्याने दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन, साध्या भाषेत दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २०० किलो, दाब सहन करावा अशी अपेक्षा. एक, दीड आणि तीन मिळून साडेपाच भाग. १४८ ला साडेपाचाने भागले की सुमारे २७ घनफूट सिमेंट. पन्नास किलोच्या पोत्यात सुमारे सव्वा घनफूट सिमेंट मावते, तेव्हा पोती झाली २२. वाळू सुमारे ४० घनफूट, खडी सुमारे ८१. आपल्याकडे वाळू-खडी ब्रासच्या मापाने येते आणि ब्रास म्हणजे १०० घनफूट. म्हणून वाळू अर्धा ब्रास आणि खडी एक ब्रासहून थोडी कमी. नासधूस धरून २४ पोती आणावीत. पहिल्या खेपेस त्या माणसाने तीस पोत्यांचे पैसे घेतले होते. तीस पोती खरोखरच पडली असती तर तो कोबा धूळ सोडीत बसला नसता, हे आम्हांस हा हिशेब मांडताना कळले. तोवर तीन वर्षे उलटून गेली होती.

एवढ्यावर हिशेब संपला असे मुलास वाटले. आम्हांसही वाटले असते, परंतु आमच्या वृद्ध गुरूंनी एक गोष्ट अशी मनावर ठसविली आहे की ती विसरणे शक्य नाही: कागदावरची जमीन सपाट असते, परसातली नसते. या २८८ चौरस फुटांत जमीन सरासरीने केवळ अर्धा इंच खोल गेली, तर १२ घनफूट काँक्रीट अधिक लागते, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पोती. अर्धा इंच डोळ्यांस दिसत नाही. तो पाहण्यासाठी चारी कोपऱ्यांत खुंट्या ठोकून सुतळी ताणावी लागते आणि सुतळीखाली जागोजागी फूटपट्टी धरावी लागते. जुना कोबा फोडून काढल्यावर आम्ही तसे केले, तो मधला भाग बोटभर खोल निघाला. तेथे मुरूम भरून, पाणी शिंपून, धुमसाने ठोकून घेतला. मुरूम सिमेंटहून कितीतरी स्वस्त. खड्डा सिमेंटने भरणे म्हणजे सोन्याच्या मोहरांनी पाया भरण्यासारखे.

येथे जमिनीविषयी एक शब्द. खानापूर-बेळगावकडे तांबडी माती, जांभा, कठीण मुरूम. अशा जमिनीवर कोबा बरा बसतो. परंतु आमचे जे वाचक पूर्वेकडे, बैलहोंगल-सौंदत्तीच्या बाजूस राहतात, त्यांनी सावध असावे. तेथील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यावर थेट घातलेला कोबा कितीही उत्तम असो, माती त्यास उचलून फोडणारच. तेथे काळी माती खोदून काढून जाड मुरूम ठोकून भरल्यावाचून पुढे जाऊ नये, आणि त्या मुरुमाचा खर्च आधीच हिशेबात धरावा.

आता पाणी. सर्व घात येथे होतो.

गवंड्यास पातळ माल आवडतो, कारण तो आपोआप पसरतो आणि फावडे मारणारे हात थकत नाहीत. परंतु सिमेंट घट्ट होते ते वाळून नव्हे. पाण्याशी त्याचा रासायनिक संयोग होतो, आणि त्या संयोगास सिमेंटच्या वजनाच्या सुमारे चौथा हिस्सा, म्हणजे पोत्यामागे बारा-तेरा लिटर पाणी पुरते. त्याहून अधिक घालावे लागते ते केवळ माल कालवता व पसरता यावा म्हणून. हे वरकड पाणी पुढे उडून जाते आणि मागे सूक्ष्म छिद्रे सोडून जाते. जितकी छिद्रे अधिक तितका दगड पोचट. डफ अब्रॅम्स या संशोधकाने शिकागो येथे असंख्य ठोकळे फोडून १९१८ मध्ये हा नियम मांडला, आणि तो आजही ढळलेला नाही. भारतीय मानक आय. एस. ४५६ ने एम-२० साठी पोत्यामागे ३० लिटर ही मर्यादा घातली आहे; वाळू ओली असेल तर तिच्यातील पाणीही यातच मोजावयाचे. आम्ही मुलास सांगितले की बादलीवर आधी लिटरची खूण कर आणि मिक्सरपाशी तू स्वतः उभा राहा. बादलीस खूण नसली की प्रत्येक पोत्यात बादली अधिकाधिक भरत जाते असा आमचा अनुभव आहे.

ओल्या वाळूची आणखी एक खोड आहे. दमट वाळूचे कण पाण्याच्या पापुद्र्याने एकमेकांपासून दूर राहतात आणि वाळू फुगते. घमेले भरलेले दिसते, पण आत वाळू कमी. याची परीक्षा घरच्या घरी होते. सरळ बाजूंच्या काचेच्या बरणीत २० सेंटिमीटर उंचीपर्यंत दमट वाळू भरावी, ती काढून ठेवावी, बरणी अर्धी पाण्याने भरून वाळू पुन्हा आत सोडावी आणि ढवळावी. खाली बसल्यावर ती १६ सेंटिमीटर भरली तर समजावे की ती पाव हिश्शाने फुगलेली होती, आणि मापास तेवढी अधिक घ्यावी. अलीकडे नदीची वाळू दुर्मिळ झाल्यापासून खडी दळून केलेली वाळू सर्वत्र मिळते. तीही दमट असता फुगतेच. मापासाठी घमेल्यावर विसंबू नये. ३५ सेंटिमीटर लांब, २५ रुंद आणि ४० उंच असा लाकडी फर्मा केला की त्यात ३५ लिटर, म्हणजे नेमके एका पोत्याएवढे माप येते. आमच्या सुताराने तो दोन फळकुटांच्या पैशांत करून दिला.

काम एका शनिवारी ठरले. रविवारी मिस्सा आणि गवंड्याची सुट्टी, म्हणून शनिवारी सारे उरकावे असा मुलाचा आग्रह. आम्ही एवढेच म्हटले की परसाचे सहा भाग पाड. २४ फुटांचे तीन आणि १२ फुटांचे दोन. म्हणजे ८ फूट लांब व ६ फूट रुंद असे सहा चौक, मध्ये लाकडी पट्ट्या. काँक्रीट घट्ट होताना आकसते आणि आकसताना कोठेतरी फाटणारच. ते आपण आखलेल्या सरळ रेषेत फाटावे यासाठी हे सांधे. चार इंच जाडीस दहा फुटांपेक्षा लांब सलग तुकडा ठेवू नये, आणि तुकडा चौरसाच्या जवळचा असावा. जुन्या कोब्यात एकही सांधा नव्हता, म्हणून त्याने आपली रेषा आपणच आखून घेतली. घरापासून गटाराकडे १२ फुटांत २ इंच उतार दिला. लेव्हलच्या पाण्याच्या नळीने तो तपासल्यावाचून आम्ही कोणास माल टाकू दिला नाही. उतार उलटा पडला तर पावसाळ्यात न्हाणीघर नव्हे, स्वयंपाकघर धुऊन निघते.

सकाळी सहास मिक्सर सुरू झाला. मुलाने रबरी बूट आणि हातमोजे आणले होते, बिगारी हसले. ओले सिमेंट जहाल क्षारयुक्त असते आणि दिवसभर त्यात उभे राहिलेल्या माणसाच्या पायांची कातडी सोलून निघते. खोबरेल तेल चोळण्याची रीत आहे, पण तेल म्हणजे बूट नव्हे. शेवटी दोघांनी बूट घातले, तिसऱ्याने नाही घातले, आणि सोमवारी तोच आमच्याकडे मलम मागावयास आला.

चौदाव्या पोत्यापर्यंत सारे सुरळीत. एक पोते सुमारे १३ चौरस फूट व्यापते हा आमचा अडाखा खरा ठरत होता; तीन चौक भरून चौथा निम्म्याहून अधिक झाला होता. इतक्यात मिक्सर बंद पडला. पट्टा तुटला होता. शनिवारची दुपार, भाड्याने यंत्र देणाऱ्याचा फोन लागेना. पश्चिमेस ढग जमू लागले. मे महिन्यातला वळीव काही विचारून येत नाही. गवंडी म्हणाला, "फादर, हातानं कालवतो. पाणी जरा सैल सोडलं की माल लोण्यासारखा पसरतोय बघा की. दोन तासांत सारं परस उरकतो." मुलाने आमच्याकडे पाहिले. उरलेली दहा पोती, ताटकळलेले सहा मजूर, त्यांची अर्ध्या दिवसाची मजुरी आणि डोक्यावर पाऊस.

प्रामाणिकपणे सांगावयाचे तर आमच्या मनातही आले की उरकून टाकावे. परंतु चौथा चौक अर्धवट टाकणे मात्र शक्य नव्हते, कारण जुन्या-नव्या मालाचा सांधा मधोमध पडला असता. म्हणून चौथ्यापुरते हाताने कालवावयाचे ठरले. पत्र्यावर आधी वाळू-सिमेंट कोरडेच तीन वेळा उलटेपालटे केले, मग खडी, मग मोजून पाणी. हाताने कालवलेला माल यंत्राइतका एकजीव होत नाही, म्हणून दहावा हिस्सा सिमेंट अधिक घालावे ही जुनी रीत, तीही पाळली. चौक भरून फळीपाशी थांबलो. उरलेले दोन चौक तसेच उघडे राहिले. मजुरांना पूर्ण दिवसाची मजुरी द्यावी लागली आणि गवंड्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते की फादरांनी प्रार्थनेपुरते राहावे.

चारच्या सुमारास पाऊस आला. चारही चौकांवर ताडपत्री अंथरलेली होती, कडांवर विटा. सगळे परस त्या वेळी पातळ मालाने भरलेले असते तर वरचे सिमेंट धुऊन गटारात गेले असते. ताडपत्री सहा जणांची होती. तिने चार चौक झाकले, सहा झाकले नसते.

पाऊस येण्यापूर्वी, पृष्ठावरचे पाणी आटल्यावर, आम्ही निरू घोटू दिली नाही. त्याऐवजी उताराच्या आडव्या दिशेने ताठ खराटा हलक्या हाताने ओढला, म्हणजे बारीक रेघा उमटल्या. गवंड्यास हे अगदीच रुचले नाही. "लोक म्हणतील कामच येत नाही," असे तो पुटपुटला. पृष्ठावर पाणी तरंगत असता त्यावर कोरडे सिमेंट भुरभुरून घोटणे हीच त्या पहिल्या कोब्याची धूळ होती, हे आम्ही त्यास सांगून पाहिले. त्याने मान हलवली, पण पटले असावे असे वाटले नाही.

उरलेले दोन चौक सोमवारी झाले. मग पाणी. आमच्या भागात आता मिळते ते बहुतेक राखमिश्रित पोझोलाना सिमेंट. ते सावकाश घट्ट होते आणि दीर्घकाळ पाणी मागते. मानक त्यास निदान दहा दिवस सांगते, चौदा दिल्यास उत्तम. नुसती सकाळ-संध्याकाळ नळी मारून भागत नाही, कारण दोन शिंपणांमधल्या उन्हात पृष्ठ कोरडे पडते आणि संयोग तेथेच थांबतो. चौकांच्या कडांना मातीचे बांध घालून इंचभर पाणी उभे केले. हे काम नातवंडांकडे दिले होते. धाकटीने भिंतीवर खडूने चौदा रेघा ओढल्या आणि रोज एक खोडली. सातव्या दिवशी बांध फुटला तेव्हा तिनेच तो शाळेच्या गणवेशात थापला. तिसऱ्या दिवसापासून त्यावर जपून चालता येत होते. मोटारसायकल मात्र पंधरवडाभर बाहेरच ठेविली.

एक इशारा येथेच देतो. हा सारा हिशेब जमिनीवर टेकलेल्या कोब्याचा आहे. डोक्यावरचा स्लॅब, सज्जा किंवा गच्चीवरील पाण्याची टाकी यांस तो लावू नये. तेथे लोखंड किती, कोठे आणि कोणत्या बाजूस हे ठरविण्यास इंजिनियरच हवा, मग त्याचे शुल्क कितीही जड वाटो.

एकूण लागली साडेतेवीस पोती. उरलेल्या अर्ध्यात मुलाने न्हाणीघराची पायरी नीट केली आणि भिंतीस धरावयाचा नळ पक्का बसविला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आजी निपाणीहून आल्या. पाऊस चालू होता. सुनेने छत्री धरली, आजींनी काठी टेकीत एकेक पाऊल टाकले, मधल्या सांध्यापाशी थांबून तो काठीने चाचपला आणि न्हाणीघराच्या दारापर्यंत जाऊन परत आल्या. आम्ही दारात उभे होतो. "फादर, लई खरबरीत केलंय," त्या म्हणाल्या, "टाचा घासत्यात." मग सुनेस त्यांनी आपली पिशवी आत ठेवावयास सांगितली.